टीएसएमसीचा मासिक महसूल: कधी दचकायचं आणि कधी नाही

१० जुलै २०२५ रोजी टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या तैवानी कंपनीने जूनचा महसूल जाहीर केला: २६३.७१ अब्ज तैवानी डॉलर. मे महिन्यात तो ३२०.५२ अब्ज होता, म्हणजे महिन्याभरात १७.७ टक्के घट. आठवड्याने, १७ जुलैला, तिमाहीचा निकाल आला आणि त्याच एप्रिल-जून तिमाहीचा महसूल कंपनीने आधी दिलेल्या अंदाजाच्या वरच्या टोकालाही ओलांडून गेला. दोन्ही आकडे खरे होते. पहिला आकडा हाती आल्यावर दुसऱ्याचा सुगावा त्याच दिवशी लागू शकला असता, आणि त्यासाठी कागद, पेन्सिल आणि विनिमय दर एवढंच पुरलं असतं. ते गणित कसं मांडायचं, हे नवशिक्यांसाठी पायरीपायरीने देत आहोत. अमेरिकी बाजारातून या कंपनीचे एडीआर, म्हणजे मूळ शेअरच्या बदल्यात तिथे विकली जाणारी प्रमाणपत्रं, घेणाऱ्यांना (१ एडीआर म्हणजे ५ मूळ शेअर) ते विशेष उपयोगी पडेल.

पायरी १: आकडा कुठून येतो आणि त्यात काय असतं

तैवानच्या रोखे व्यवहार कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार तिथल्या नोंदणीकृत कंपन्यांना मागच्या महिन्याचा महसूल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावा लागतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही. बजाज ऑटो किंवा महिंद्रा दर महिन्याच्या सुरुवातीला गाड्यांच्या विक्रीचे आकडे देतात, पण त्यात नग असतात, रुपये नसतात. सॅमसंग आणि इंटेलही महसूल तिमाहीलाच सांगतात. त्यामुळे चिप उद्योगाची नाडी दर महिन्याला बघायची तर तैवानकडेच वळावं लागतं.

टीएसएमसी बहुधा १० तारखेलाच आकडा देते. १० ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय दिन असतो, म्हणून सप्टेंबरचा आकडा त्याआधीच येतो. तैवानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि तिथला शेअर बाजार स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडला, म्हणजे आपल्या सकाळी ११ ला, बंद होतो. आकडा साधारण त्याच सुमारास येतो.

निवेदनात चार गोष्टी असतात: त्या महिन्याचा निव्वळ महसूल, आधीच्या महिन्याशी तुलना, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना आणि जानेवारीपासूनची बेरीज. आकडा उपकंपन्यांसह एकत्रित असतो, पण लेखापरीक्षित नसतो. नफा, ग्राहकांची नावं, कुठल्या तंत्रज्ञानाच्या किती वेफर (ज्यांवर चिप कोरल्या जातात त्या सिलिकॉनच्या चकत्या) गेल्या, यातलं काहीही त्यात नसतं. महिना कमी का झाला किंवा वाढला का, याचं कारणही कंपनी सहसा देत नाही. बातमीत ‘मागणी वाढल्यामुळे’ असं छापलेलं दिसलं, तर तो बहुतेक वेळा बातमीदाराचा तर्क असतो.

एककांची गफलत पहिल्याच दिवशी होते. सरकारी संकेतस्थळावरचे तक्ते हजार तैवानी डॉलरमध्ये असतात, कंपनीच्या संकेतस्थळावर दशलक्षात आणि इंग्रजी बातम्यांत अब्जात. चिनी भाषेतल्या बातम्यांत ‘यी’ हे एकक असतं, म्हणजे १० कोटी. जूनचे २६३.७१ अब्ज म्हणजे २६,३७१ कोटी म्हणजेच सुमारे २,६३७ यी. तक्त्यात एकच एकक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. या लेखात सगळीकडे अब्ज आहे.

पायरी २: महिन्याला दिवसांनी भागा

फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, रात्रंदिवस चालते. चांद्र नववर्षाच्या सुट्टीत कार्यालयं ओस पडतात, पण भट्ट्या आणि लिथोग्राफीची (प्रकाशाने वेफरवर नक्षी छापणारी) यंत्रं थांबत नाहीत. म्हणून कामाचे दिवस मोजत बसण्याची गरज नाही, कॅलेंडरचे दिवस घ्या.

जानेवारी २०२५: २९३.२९ अब्ज, ३१ दिवस, म्हणजे दिवसाला ९.४६ अब्ज.
फेब्रुवारी २०२५: २६०.०१ अब्ज, २८ दिवस, म्हणजे दिवसाला ९.२९ अब्ज.

मथळ्यात घट ११.३ टक्के, दिवसाच्या हिशेबाने १.८ टक्के. म्हणजे घट जवळजवळ पूर्णपणे कॅलेंडरची. उलट बाजूही बघा. फेब्रुवारी २०२४ लीप वर्षातला, २९ दिवसांचा होता आणि त्यात १८१.६५ अब्ज आले होते. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ ची वार्षिक वाढ मथळ्यात ४३.१ टक्के दिसली, पण दिवसाला भागल्यावर ती ४८ टक्क्यांच्या पुढे जाते. एवढी एक भागाकाराची ओळ केली तरी फेब्रुवारीतले निम्मे गैरसमज गळून पडतात.

पायरी ३: तिमाहीत उरलेल्या महिन्यांचं गणित

एकच पायरी शिकायची असेल तर ही शिका, कारण बाकीच्या सगळ्या हिच्या मदतीला आहेत.

टीएसएमसी दर तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या मध्यावर गुंतवणूकदारांची परिषद घेते. त्यात चालू तिमाहीच्या महसुलाचा अंदाज अमेरिकी डॉलरमध्ये, खालचं टोक आणि वरचं टोक असा, मिळतो आणि सोबत गृहीत धरलेला विनिमय दरही सांगितला जातो. महिन्याचा आकडा मात्र तैवानी डॉलरमध्ये येतो. या दोघांची गाठ तुम्हाला घालायची आहे.

२०२३ ची चौथी तिमाही घेऊ. अंदाज होता १८.८ ते १९.६ अब्ज अमेरिकी डॉलर, गृहीत दर ३२ (एका अमेरिकी डॉलरला ३२ तैवानी डॉलर). म्हणजे तैवानी डॉलरमध्ये ६०१.६ ते ६२७.२ अब्ज.

१० नोव्हेंबरला ऑक्टोबरचा आकडा आला: २४३.२० अब्ज. सप्टेंबरच्या १८०.४३ वरून थेट ३४.८ टक्क्यांची उडी! आता अंदाजाच्या वरच्या टोकातून हा आकडा वजा करा: ६२७.२ वजा २४३.२ म्हणजे ३८४. नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्ही मिळून एवढेच. महिन्याला सरासरी १९२ अब्ज.

म्हणजे कंपनीचा अंदाज बरोबर असेल, तर पुढचे दोन्ही महिने ऑक्टोबरपेक्षा बरेच खाली असणार, हे १० नोव्हेंबरलाच दिसत होतं. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०६.०३ आणि डिसेंबर १७६.३० आला, सरासरी १९१ च्या थोडी वर. नोव्हेंबरची १५.३ टक्के आणि डिसेंबरची १४.४ टक्के ‘घसरण’ ज्यांना अनपेक्षित वाटली, त्यांनी ही वजाबाकी केली नव्हती. तिमाही मात्र आधीच्या तिमाहीपेक्षा १४.४ टक्के मोठी होती.

महिना हा तिमाहीतून कापलेला तुकडा आहे आणि सुरी नेहमी सरळ चालत नाही. कंपनी नियोजन करते ते तिमाहीचं. एखाद्या मोठ्या ग्राहकाचा माल ३० तारखेला निघाला की २ तारखेला, यावर काही अब्ज या महिन्यातून त्या महिन्यात जातात. महसूल प्रामुख्याने माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर नोंदवला जातो, वेफर तयार झाल्यावर नाही.

अलीकडच्या वर्षांत तिमाहीचा पहिला महिना जड आणि तिसरा हलका, असं अनेकदा दिसलं आहे. एप्रिल-जून २०२४ मध्ये २३६.०२, २२९.६२, २०७.८७, एप्रिल-जून २०२५ मध्ये ३४९.५७, ३२०.५२, २६३.७१. पण याचा नियम करू नका. जुलै-सप्टेंबर २०२५ मध्ये ३२३.१७, ३३५.७७, ३३०.९८ असा क्रम लागला आणि ‘जुलै सगळ्यात मोठा असणार’ असं धरून बसलेल्यांचा हिशेब चुकला.

पायरी ४: विनिमय दर, म्हणजे सगळ्यात मोठा सापळा

टीएसएमसीचा जवळपास सगळा महसूल अमेरिकी डॉलरमध्ये येतो आणि हिशेब तैवानी डॉलरमध्ये मांडला जातो. तैवानी डॉलर १ टक्क्याने मजबूत झाला की जाहीर होणारा महसूल साधारण १ टक्क्याने कमी दिसतो, विक्री तेवढीच असली तरी.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे येऊ. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीचा अंदाज २८.४ ते २९.२ अब्ज अमेरिकी डॉलर होता आणि गृहीत दर ३२.५. मेच्या पहिल्या काही दिवसांत तैवानी डॉलर अचानक वधारला. एप्रिलमध्ये एका अमेरिकी डॉलरला ३२ ते ३३ तैवानी डॉलर पडत होते, ते जूनमध्ये ३० च्या खाली आले.

१० जुलैला हातात काय होतं? एप्रिल आणि मेची बेरीज ६७०.०९, त्यात जूनचे २६३.७१ मिळवले की ९३३.८० अब्ज.

नवशिक्या या रकमेला गृहीत दराने भागतो: ९३३.८० भागिले ३२.५ म्हणजे २८.७३ अब्ज अमेरिकी डॉलर. अंदाजाच्या मधोमध. ठीक आहे म्हणून तो वही मिटतो.

पण माल विकला गेला त्या दिवसांचा दर ३२.५ नव्हता. तिमाहीचा प्रत्यक्ष सरासरी दर ३१.०५ निघाला: ९३३.८० भागिले ३१.०५ म्हणजे ३०.०७ अब्ज. वरच्या टोकापेक्षा जवळजवळ ०.९ अब्ज जास्त. कंपनीने १७ जुलैला हाच ३०.०७ चा आकडा दिला. वार्षिक वाढसुद्धा तैवानी डॉलरमध्ये ३८.६ टक्के आणि अमेरिकी डॉलरमध्ये ४४.४ टक्के होती.

सरासरी दर आधी कसा काढायचा? तैवानची मध्यवर्ती बँक रोजचा बंद दर देते, त्यावरून प्रत्येक महिन्याची सरासरी काढा. मग प्रत्येक महिन्याचा महसूल त्या महिन्याच्या दराने भागून अमेरिकी डॉलरमध्ये आणा आणि तिन्हींची बेरीज करा. तीन दरांची नुसती सरासरी घेऊन एकूण रकमेला भागलं तर चूक होते. या तिमाहीत एप्रिलचा महसूल सगळ्यात जास्त होता आणि अमेरिकी डॉलरही तेव्हाच सगळ्यात महाग होता. साध्या सरासरीत एप्रिलला कमी वजन मिळतं, दर खरा होता त्यापेक्षा खाली येतो आणि तुमचं उत्तर फुगतं.

इथे उलट्या बाजूची चूकही सर्रास होते: सगळं खापर चलनावर फोडणं. एप्रिल ते जून महसूल २४.६ टक्क्यांनी उतरला, आणि त्याच काळात अमेरिकी डॉलरच्या मासिक सरासरी दरातली घसरण दहा टक्क्यांच्या आतच होती. राहिलेली घट चलनाने समजावता येत नाही, ती माल निघण्याच्या वेळापत्रकाची आहे. मे ते जून या एका महिन्यात तर चलनाचा वाटा आणखीच लहान.

हा परिणाम वर्षभराच्या आकड्यांतही शिरतो. २०२३ साली टीएसएमसीचा महसूल तैवानी डॉलरमध्ये ४.५ टक्क्यांनी घटला (२,२६३.८९ वरून २,१६१.७४ अब्ज), पण अमेरिकी डॉलरमध्ये ८.७ टक्क्यांनी (७५.८८ वरून ६९.३० अब्ज). मंदी खरी किती खोल होती, हे दुसरा आकडा सांगतो. तेव्हा तैवानी डॉलर स्वस्त झाला होता, म्हणून पहिला आकडा सुसह्य दिसला.

रुपयात गुंतवणूक मोजणाऱ्यांनी या गणितात तिसरं चलन घुसवू नये. आधी तैवानी ते अमेरिकी डॉलर पूर्ण करा. रुपया तुमच्या परताव्याच्या हिशेबात येतो, कंपनीच्या नाही.

पायरी ५: वार्षिक तुलनेत गेल्या वर्षीचा महिना कसा होता ते बघा

ऑक्टोबर २०२५ चा महसूल ३६७.४७ अब्ज होता, तोपर्यंतचा सर्वोच्च मासिक आकडा. तरी वार्षिक वाढ १६.९ टक्केच, फेब्रुवारी २०२४ नंतरची सगळ्यात कमी. ‘एआयची लाट ओसरली’ असे सूर लगेच निघाले.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर काढून बघा: ३१४.२४ अब्ज, आणि तो स्वतः सप्टेंबर २०२४ पेक्षा २४.८ टक्क्यांनी मोठा होता. पाया इतका उंच असला की त्यावरची वाढ बुटकी दिसणारच. त्यात वर्षभरात तैवानी डॉलर चार टक्क्यांच्या आसपास वधारलेला. अमेरिकी डॉलरमध्ये मोजलं तर वाढ वीस टक्क्यांच्या वर जाते. वार्षिक तुलना करताना दोन्ही बाजूंना तीन-तीन महिन्यांची बेरीज घेतली, तर असा एकटादुकटा उंच महिना फसवत नाही.

पायरी ६: अपघात आणि भूकंप

भूकंपाची बातमी आली की त्या महिन्याचा महसूल पडेल, अशी सगळ्यांची धारणा असते. २१ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण तैवानात भूकंप झाला. कंपनीने १० फेब्रुवारीला सांगितलं की विम्याची रक्कम वजा जाता सुमारे ५.३ अब्ज तैवानी डॉलरचं नुकसान धरलं आहे आणि तिमाहीचा महसूल २५.० ते २५.८ अब्ज अमेरिकी डॉलरच्या अंदाजात खालच्या टोकाकडे राहील. पण त्याच दिवशी जाहीर झालेला जानेवारीचा महसूल डिसेंबरपेक्षा ५.४ टक्क्यांनी जास्त होता.

यात विसंगती काही नाही. प्रगत चिपची वेफर फॅबमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण तीन महिने जातात. भूकंपात बाद होतात त्या बहुतांशी वाटेवरच्या वेफर. त्यांची उणीव त्या पूर्ण व्हायच्या होत्या त्या महिन्यांत जाणवते, आणि तोवर कंपनी बदली वेफर घाईने पुढे सरकवून ती भरून काढू शकते. शेवटी ती तिमाही २५.५३ अब्ज अमेरिकी डॉलरवर, म्हणजे अंदाजाच्या मध्याच्याही थोडी वर, संपली.

नेहमीच असं निभावत नाही. जानेवारी २०१९ मध्ये एका पुरवठादाराकडून आलेल्या फोटोरेझिस्ट या रसायनात दोष निघाला, बऱ्याच वेफर फेकाव्या लागल्या आणि त्या तिमाहीचा अंदाज ७.३-७.४ वरून ७.०-७.१ अब्ज अमेरिकी डॉलरवर आणावा लागला. म्हणून अपघातानंतर मासिक आकड्यापेक्षा एकच गोष्ट बघा: कंपनीने तिमाहीचा अंदाज बदलला का?

खरी मंदी कशी ओळखायची

एवढं सगळं गाळून झाल्यावर जे उरतं ते गंभीरपणे घ्यायचं. २०२३ मध्ये मार्चचा महसूल १४५.४१ अब्ज आला, वर्षापूर्वीपेक्षा १५.४ टक्के कमी. मग एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, असे सलग सात महिने वार्षिक तुलनेत उणे. एवढ्या काळात दिवसांचा किंवा वेळापत्रकाचा खेळ एकमेकांत जिरून जातो, आणि विनिमय दर तर तेव्हा कंपनीला अनुकूल होता, तरीही आकडे उणे. ग्राहकांच्या गोदामांत फोन आणि संगणकांच्या चिपचा साठा पडून होता आणि ते नवी मागणी नोंदवत नव्हते.

आमच्या मते दचकण्याच्या खुणा दोनच. पहिली, तीन महिन्यांची बेरीज अमेरिकी डॉलरमध्ये वर्षापूर्वीपेक्षा कमी असणं. दुसरी, तिमाहीतले दोन महिने झाल्यावर, अंदाजाचं खालचं टोक गाठायला लागणारा तिसरा महिना आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा निघणं. पहिली खूण उशिरा दिसते, पण सहसा फसवी नसते. दुसरी लवकर दिसते, पण कधी कधी कंपनी तिसऱ्या महिन्यात खरंच तेवढा माल काढते.

शेजारच्या कंपन्यांशी ताडून बघा, पण जपून

टीएसएमसीच्या महसुलात प्रगत तंत्रज्ञानाचा वाटा प्रचंड आहे: एप्रिल-जून २०२५ मध्ये वेफर महसुलापैकी ३ नॅनोमीटर २४ टक्के, ५ नॅनोमीटर ३६, ७ नॅनोमीटर १४ (नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकं तंत्रज्ञान नवं). म्हणून टीएसएमसी वर गेली म्हणजे अख्खा चिप उद्योग वर गेला, असं धरू नका. जुन्या, स्थिरावलेल्या तंत्रज्ञानाचा अंदाज यूएमसी या दुसऱ्या तैवानी चिप कंपनीच्या मासिक आकड्यावरून जास्त चांगला येतो. तो २०२४-२५ मध्ये बहुतेक महिने १९-२० अब्जांच्या आसपासच फिरत होता, टीएसएमसी विक्रम करत असताना. गुजरातमधल्या ढोलेऱ्याच्या टाटा चिप प्रकल्पाला तंत्रज्ञान देणाऱ्या पीएसएमसी या तैवानी कंपनीकडे आपल्याकडच्या अनेकांचं लक्ष असतं. तीही दर महिन्याला आकडा देते. पण तिच्या व्यवसायात मेमरी चिपचा भाग आहे आणि मेमरीचे भाव वरखाली झाले की महसूल हलतो. तिच्या आकड्यावरून ढोलेऱ्याबद्दल काहीही अनुमान काढू नये.

तक्ता कसा मांडावा

एक साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक महिन्याला एक ओळ. रकाने असे: महसूल अब्जात, दिवस, दिवसाचा महसूल, महिन्याचा सरासरी विनिमय दर, अमेरिकी डॉलरमधला महसूल, तिमाहीची चालू बेरीज, अंदाजाची दोन टोकं अमेरिकी डॉलरमध्ये, आणि उरलेल्या प्रत्येक महिन्याला लागणारी सरासरी. शेवटचा रकाना सुरुवातीला गृहीत दराने भरा. दर दोन टक्क्यांहून जास्त सरकला की प्रत्यक्ष दराने पुन्हा काढा. किमान तीन वर्षांचे जुने महिने भरल्याशिवाय निष्कर्ष काढायला बसू नका, कारण नव्या आयफोनच्या आधीची उसळी आणि वर्षाच्या सुरुवातीची मरगळ त्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. अर्थात एआय चिपचा वाटा वाढल्यापासून हा मोसमी चढउतार बराच पुसट झाला आहे.

नफ्याचा रकाना मासिक तक्त्यात ठेवू नका. तैवानी डॉलर १ टक्क्याने वधारला की ढोबळ नफ्याचं प्रमाण साधारण ०.४ टक्का बिंदूंनी घटतं, असं कंपनी सांगत आली आहे, पण नव्या फॅबचा खर्च आणि क्षमतेचा वापर हे घटक महिन्याच्या आकड्यात दिसतच नाहीत.

तिमाहीचा निकाल आला की तुमची अमेरिकी डॉलरमधली बेरीज कंपनीच्या आकड्याशेजारी लिहा. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर तक्ता बरोबर चालला आहे. जास्त असेल तर बहुतेक वेळा चूक विनिमय दराच्या रकान्यात सापडते: महिन्याच्या सरासरीऐवजी महिनाअखेरचा दर भरलेला असतो.